घरच्या काचपेटीत सिक्लिड माशांची पैदास : पहिली जोडी, पहिली पिल्ले

व्यापार-उद्योगाच्या या पानावर आपण आजवर शिवणकाम, अत्तर, बेकरी, चामड्याच्या वस्तू अशा धंद्यांची माहिती वाचत आला आहात. आज एका वेगळ्या विषयाकडे वळू. काचपेटीतील शोभेच्या माशांचा व्यापार आपल्या शहरांत जुना आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला येथे रंगीत मासे घेणाऱ्यांची वर्दळ असते. या धंद्यात विकणारे पुष्कळ आहेत, पण घरी पैदास करून चांगला माल देणारे त्या मानाने कमी. बराचसा माल चेन्नईजवळच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणाहून किंवा कोलकात्याहून येतो. प्रवासात तो थकतो, आणि त्याचे नुकसान दुकानदार व गिऱ्हाईक दोघेही सोसतात. ज्या घरात एक मजबूत कोपरा आहे, दिवसातून तासभर वेळ देणारी व्यक्ती आहे आणि धीर आहे, त्या घराला येथे थोडी जागा मिळू शकते.

"थोडी" हा शब्द मुद्दाम वापरला आहे. यंत्रमाग बंद पडला किंवा दुकानाची विक्री घटली की माणूस नवा धंदा शोधू लागतो, आणि अशा वेळी त्याला मोठी स्वप्ने विकणारेही भेटतात. नव्वदीच्या दशकातील सागवान लागवडीच्या योजना आठवा. २०१२ च्या सुमारास कोसळलेले एमू पालन आठवा. "पिल्ले आमच्याकडून घ्या, वाढवा, आम्हीच परत विकत घेऊ" हे आश्वासन तेव्हा हजारो कुटुंबांना महागात पडले. म्हणून पहिलीच गोष्ट स्पष्ट सांगतो : पहिल्या वर्षी माशांच्या पैदाशीतून घर चालणार नाही. पहिले वर्ष शिकण्याचे असते. ते कमीत कमी खर्चात आणि कर्ज न काढता कसे शिकावे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

सिक्लिड म्हणजे कोणते मासे?

सिक्लिड हे माशांचे एक मोठे कुळ आहे. आफ्रिका आणि अमेरिका खंडांतील नद्या-सरोवरांत त्यांच्या शेकडो जाती आहेत. आपल्यालाही हे कुळ अनोळखी नाही. उजनीच्या धरणात ज्याला चिलापी म्हणतात तो तिलापिया याच कुळातला. तो १९५२ साली बाहेरून भारतात आणला गेला. गोव्यात ज्याला कालुंदर आणि केरळात करिमीन म्हणतात तो मासाही सिक्लिडच, आणि तो मूळचा आपल्याच किनाऱ्याचा. त्याचाच लहान भाऊ म्हणावा असा नारिंगी क्रोमाइड दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या किनारी पाण्यात सापडतो.

या कुळाचा विशेष गुण म्हणजे संततीची राखण. बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात, काही तर ती खाऊनही टाकतात. सिक्लिड मात्र अंड्यांवर पहारा देतात, पिल्लांना कळपासारखे फिरवतात आणि धोका दिसला की स्वतः आडवे येतात. दोन-तीन इंचांचा मासा काचेवर ठेवलेल्या माणसाच्या बोटावर धावून जातो, तेव्हा पाहणारा थक्क होतो. अल्लाहने एवढ्याशा जिवाच्या ठायीही ही ममता ठेवली आहे. नवशिक्याचा फायदा असा की पिल्ले सांभाळण्याचे अर्धे काम आई-बापच करतात.

पहिल्यांदा कोणती जात घ्यावी?

दुकानात लहान सिक्लिड म्हणून चार-पाच प्रकार दाखवतात. त्यांत सर्वांत देखणा रॅम. निळ्या-सोनेरी रंगामुळे नवा माणूस त्याच्यावर भाळतो. पण तो पहिल्या पैदाशीला अवघड आहे. त्याला २८ ते ३० अंश उष्ण, अतिशय स्वच्छ व मऊ पाणी लागते, आणि उघड्या दगडावर घातलेली अंडी तो पुष्कळदा स्वतःच खाऊन टाकतो. बाजारातल्या काही मालाला रंग लवकर चढावा म्हणून हार्मोन दिलेले असते आणि असे मासे पुढे पैदाशीला निकामी ठरू शकतात. अपिस्टोग्रामा हा दुसरा प्रकार सुंदर आहे, पण महाग आणि पाण्याच्या बाबतीत नाजूक. तिसरा कॉन्व्हिक्ट, म्हणजे काळ्या पट्ट्यांचा मासा. तो कोणाच्याही पेटीत पिल्ले घालतो, आणि हीच त्याची अडचण आहे. जे सर्वांना जमते त्याला भाव नसतो. शिवाय तो भांडखोर आहे.

नवशिक्यासाठी योग्य जात म्हणजे क्रिबेन्सिस; दुकानदार त्याला नुसते "क्रिब" म्हणतात. शास्त्रीय नाव पेल्विकाक्रोमिस पुल्चर. मूळ मुलूख आफ्रिकेतील दक्षिण नायजेरिया आणि त्याला लागून असलेला कॅमेरूनचा किनारी भाग. नर सुमारे १० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, मादी त्याहून लहान राहते. तो गुहेत अंडी घालतो, त्यामुळे अंडी सुरक्षित राहतात. पाण्याच्या बाबतीत फार हट्टी नाही. स्वभाव बेताचा आहे आणि रंग चांगला आहे, म्हणून गिऱ्हाईकही मिळते.

येथे पाण्याचा विचार आधी करावा. मुंबईचे नळाचे पाणी सह्याद्रीतील तलावांचे आहे आणि ते मऊ असते. क्रिबला ते मानवते. मराठवाडा, खानदेश, सोलापूर या भागांत बोअरचे पाणी पुष्कळदा जड असते. घरात बादलीवर आणि नळावर पांढरा थर चढत असेल तर आपले पाणी जड आहे असे समजा. अशा पाण्यात क्रिब जगेल, पण अंडी फुटण्याचे प्रमाण कमी होऊ शकते. अशा ठिकाणी पावसाचे स्वच्छ पाणी किंवा घरच्या फिल्टर यंत्राचे शुद्ध पाणी अर्धे मिसळावे. नाहीतर जड पाण्यातच सुखी असणारी जात निवडावी. टांगानिका सरोवरातील शंखात राहणारे लहान सिक्लिड अशा पाण्यासाठी चांगले. पाण्याशी भांडत बसण्यापेक्षा पाण्याला साजेसा मासा घेणे स्वस्त पडते.

पेटीची तयारी

एका जोडीसाठी २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच पेटी पुरे. तिच्यात सुमारे ५० लिटर पाणी मावते. पाणी, वाळू आणि काच मिळून वजन ६० किलोच्या पुढे जाते, म्हणून टेबल किंवा लोखंडी स्टँड मजबूत आणि समपातळीत असावा. खाली थर्माकोलचा पातळ तुकडा घालावा. काचेचे काम करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांना ही पेटी घरीच करता येईल. फक्त सिलिकॉन मत्स्यपेटीसाठी चालणारे आहे याची खात्री करा; स्नानघरासाठी मिळणाऱ्या बुरशीनाशक मिसळलेल्या सिलिकॉनने मासे मरतात. जोड सुकायला पुरेसे दिवस द्या. नंतर पेटी पाण्याने भरून दोन-तीन दिवस गळती तपासा आणि ते पाणी फेकून द्या.

गाळणीसाठी साधा स्पंज फिल्टर आणि लहान एअर पंप घ्या. मोटरवाला फिल्टर नको, कारण तो पिल्ले ओढून घेतो. तळाला धुतलेली बारीक वाळू दीड-दोन इंच घाला, कारण क्रिबला खणायला आवडते. जावा मॉस किंवा जावा फर्नसारखी साधी वनस्पती लावा. रस्त्याच्या कडेला जंगली बदामाची झाडे असतात. त्यांची गळलेली, वाळलेली, औषध न फवारलेली एक-दोन पाने धुऊन टाका. पाणी चहासारखे किंचित तपकिरी होईल. त्याने बिघडत नाही, उलट माशांना निर्धास्त वाटते.

गुहा ही सर्वांत महत्त्वाची वस्तू. नारळाची अर्धी करवंटी घ्या, काठाला मादी जेमतेम शिरेल एवढी खाच पाडा, ती चांगली उकळा आणि पाण्याचा रंग उतरेपर्यंत भिजवा. किंवा कुंभाराकडची लहान, रंग न दिलेली मातीची कुंडी उपडी ठेवा आणि तिच्या काठाला खाच पाडा. दोन गुहा ठेवा, म्हणजे निवड माशांकडे राहील. दार पेटीच्या कडेकडे वळवा. भर उजेडात दार असले की मादी बिचकते.

उष्णता २६ ते २७ अंश असावी. मुंबई-कोकणात वर्षातील बरेच महिने हीटरविना भागते, पण मालेगाव, नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथे हिवाळ्याच्या रात्री हीटर लागतोच. ५० लिटरला ५० वॅटचा हीटर पुरतो.

पेटी पिकू द्या

नव्या माणसाचे मासे बहुतेक वेळा याच पायरीवर मरतात. सकाळी पेटी आणली, दुपारी नळाचे पाणी भरले, संध्याकाळी मासे सोडले आणि आठवड्यात सारे संपले, असे घडते. कारण साधे आहे. माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. स्पंजमध्ये वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य असते आणि पाणी बदलून निघून जाते. हे जिवाणू वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर पेटी कच्ची असते.

ओळखीच्या माणसाच्या निरोगी, जुन्या पेटीतला वापरता स्पंज मिळाला तर हा काळ खूप कमी होतो. नाहीतर रिकाम्या पेटीत रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा आणि पाणी तपासण्याचे किट आणून अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत थांबा. दिरहम-दिनारचा व्यवहार करण्याआधी तराजू तपासावा तसेच हे आहे.

नळाच्या पाण्यातील क्लोरीनने मासे आणि जिवाणू दोघेही मरतात. पाणी उघड्या ड्रममध्ये हवा सोडत २४ तास ठेवा, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीननाशक (हायपो) सांगितलेल्या प्रमाणात वापरा. दर आठवड्याला पाव पाणी बदला. स्पंज नळाखाली धुऊ नका. पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, म्हणजे जिवाणू टिकतील.

जोडी कशी ओळखावी?

मादी आखूड आणि गोलसर असते. अंड्यावर आली की तिचे पोट चेरीसारखे लाल-जांभळे होते. नर लांब असतो, त्याच्या पाठीवरच्या आणि खालच्या पराचे टोक निमुळते असते. मादीचे पर गोलाकार दिसतात. ही चिन्हे मोठ्या माशांत स्पष्ट असतात. लहान पिल्लांत फसगत होते. "जोडी" म्हणून दोन नर हातात पडण्याचा अनुभव या लेखकानेही घेतला आहे. तीन महिने गुहेकडे पाहत बसलो आणि अखेर कळले की दोघेही राखणदार आहेत, घरधनीण नाहीच.

यावर उपाय दोन. पहिला, एकाच वेळी ५-६ लहान मासे घ्यावेत आणि वाढू द्यावेत. त्यांतले दोघे आपसांत जमतात, कोपरा धरतात आणि बाकीच्यांना हाकलू लागतात. तेव्हा बाकीचे काढून परत द्यावेत. जोडी स्वतः जमली की तिच्यात भांडणे कमी होतात. दुसरा, पूर्ण वाढलेली जोडी घ्यायची तर दिवसाउजेडी, चिन्हे पाहून घ्यावी आणि "नर-मादी न निघाल्यास बदलून देईन" हे दुकानदाराशी आधीच ठरवावे. नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या पेटीत ठेवून रोग नाही याची खात्री करूनच पैदाशीच्या पेटीत सोडावेत.

आता चांगले खाणे द्या. दिवसातून दोनदा थोडे थोडे, दोन मिनिटांत संपेल एवढेच. कोरडे दर्जेदार खाद्य, मधून गोठवलेल्या रक्तवर्णी अळ्या किंवा आर्टेमिया. गटारातून आणलेले ट्युबिफेक्स टाळा, त्यातून रोग येतात. डासांच्या अळ्या घरी वाढवू नका. त्या माशांना आवडतात, पण डेंग्यू शेजाऱ्यांच्या घरी जातो.

अंडी ते पिल्ले

दोन-चार आठवड्यांत मादीचा रंग भडकेल. ती अंग धनुष्यासारखे वाकवून, थरथरत, पोट नराला दाखवू लागेल. पुढाकार मादीच घेते. मग दोघे गुहेतली वाळू तोंडाने बाहेर काढतील. एके दिवशी मादी दिसेनाशी होईल आणि नर दाराशी फिरत राहील. मादी मेली असे समजून गुहा उचलू नका! तिने गुहेच्या छताला अंडी चिकटवली आहेत. अंडी साधारण शंभर ते तीनशे असतात. पहिल्या खेपेस कमीच.

या दिवसांत पेटीत हात घालू नये, काचेवर टकटक करू नये, मुलांना गर्दी करू देऊ नये. अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. फुटलेली पिल्ले पोहत नाहीत. ती नुसती वळवळतात आणि पोटाशी असलेल्या पिवळ्या पिशवीवर जगतात. मादी त्यांना तोंडात धरून एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात हलवते. ती पिल्ले खाते आहे असे वाटून घाबरू नका. अंडी घातल्यापासून साधारण आठवडाभराने किंवा थोड्या अधिक दिवसांनी, एखाद्या सकाळी मादी बाहेर येते आणि तिच्याभोवती धुळीसारखे पिल्लांचे ढग दिसतात. त्या क्षणापासून पिल्लांना खाणे हवे.

पहिले खाणे म्हणजे आर्टेमियाची ताजी पिल्ले. हा खाऱ्या पाण्यातला सूक्ष्म कोळंबीसारखा जीव; त्याची अंडी डब्यात मिळतात. लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम जाडे मीठ विरघळवा, अर्धा चहाचा चमचा अंडी टाका, जोरात हवा सोडा, उजेड द्या आणि पाणी २६ ते २८ अंशांवर ठेवा. २४ ते ३६ तासांत अंडी फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटे थांबा. टरफले वर तरंगतात, नारिंगी पिल्ले खाली उजेडाकडे जमतात. ती बारीक नळीने मलमलीच्या कापडात काढा, गोड्या पाण्याने धुवा आणि दिवसातून दोन-तीन वेळा घाला. पिल्लांची पोटे नारिंगी दिसली की खाणे पोहोचले असे समजा. उकडलेल्या अंड्याचा बलक देण्याची जुनी पद्धत आहे, पण त्याने पाणी लवकर सडते. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. अंडी फुटायला एक दिवस लागतो म्हणून आर्टेमियाची तयारी पिल्ले पोहण्याच्या आदल्या दिवशीच सुरू करा. उशीर झाला तर पिल्ले उपाशी मरतात.

पहिली किंवा दुसरी खेप आई-बापच खाऊन टाकतील, अशी शक्यता मनात धरा. नवखी जोडीही शिकत असते. म्हणून जोडी विकू नका, तीन-चार खेपा वाट पाहा. कधी मादी नराला फाडून काढते. त्याचे पर चिंध्या झालेले दिसले तर नराला वेगळे करा, मादी एकटी पिल्ले सांभाळते. रात्री खोलीत मंद दिवा ठेवला तर आई-बाप अंधारात बिथरत नाहीत.

आणखी एक उपयुक्त गोष्ट. या माशात पिल्लांचे नर-मादी होणे काही प्रमाणात पहिल्या काही आठवड्यांतील पाण्याच्या आम्लतेवर अवलंबून असते, असे संशोधकांना आढळले आहे. पाणी जास्त आम्ल असेल तर नर अधिक निघतात. मादीचा रंग जास्त म्हणून गिऱ्हाईक तीच मागते, आणि जोडी विकायची तरी दोन्ही हवेत. म्हणून पीएच ७ च्या आसपास ठेवा. बदामाची पाने भरमसाट टाकू नका.

तीन-चार आठवड्यांनी आई-बाप पुढच्या खेपेच्या तयारीला लागतात आणि पिल्लांना हाकलतात. तेव्हा पिल्ले वाढीच्या मोठ्या पेटीत काढा. शंभर पिल्लांना ३ फुटांच्या दोन पेट्या लागतात. दाटी झाली की वाढ खुंटते. एक दिवसाआड १०-१५ टक्के पाणी बदला. साधारण ३ ते ४ महिन्यांत ती दुकानात देण्याजोगी, म्हणजे अडीच-तीन सेंटिमीटरची होतात.

हिशेब कागदावर मांडा

विजेचा अंदाज असा : ५ वॅटचा एअर पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला सुमारे साडेतीन युनिट. ५० वॅटचा हीटर थंडीत रोज १२ तास चालला तर महिन्याला १८ युनिट. वाढीच्या पेट्यांचे हीटर याहून मोठे. आपल्या बिलाच्या दराने गुणून पाहा. त्यात खाद्य, आर्टेमिया, पिशव्या आणि ने-आण मिळवा. उत्पन्न धरताना शंभर पिल्लांतली पन्नासच विकली जातील असे धरा. काही मरतात, काही वाकडी निघतात, काही उठत नाहीत. ठोक दर किरकोळ दराच्या बराच खाली असतो, म्हणून दुकानातील पाटीवरचा भाव पाहून हुरळून जाऊ नका. तीन ठिकाणी विचारून सर्वांत कमी दर हिशेबात घ्या. एवढे करूनही दोन पैसे उरत असतील तरच दुसरी जोडी लावा.

एक जोडी दीड-दोन महिन्यांनी नवी खेप देऊ शकते. तीन जोड्या लावल्या तर वर्षात दीड हजार पिल्ले होतील आणि गल्लीतले दुकान ती घेणार नाही. म्हणून गिऱ्हाईक आधी, पिल्ले नंतर. मोहल्ल्यातील चार-पाच घरे हा उद्योग करणार असतील तर प्रत्येकाने वेगळी जात घ्यावी, एकमेकांचा भाव पाडू नये.

माल देताना माशांना २४ तास खाणे देऊ नका. पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी ऑक्सिजन भरा, थर्माकोलच्या पेटीत ठेवा आणि ऊन चढण्याआधी पोहोचवा. उधारी दिली तर लिहून घ्या. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. ओळखीत लिहायचे कशाला, असे म्हणणारेच पुढे ओळख गमावतात.

सरकारी योजनांबद्दल : २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरामागे शोभेचे मासे वाढवण्याच्या लहान केंद्राला ३ लाख रुपये खर्च धरून अनुदान ठेवले होते, महिलांसाठी व अनुसूचित जाती-जमातींसाठी ते ६० टक्के, इतरांसाठी ४० टक्के होते. सध्या काय चालू आहे हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, दलालाला पैसे देऊ नका. शास्त्रीय माहितीसाठी मुंबईत वर्सोवा येथे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे आणि रत्नागिरीला कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे. अनुदानासाठी धंदा उभा करू नका. चालणाऱ्या धंद्याला अनुदान मिळाले तर शुक्र करा.

हलाल रोजीच्या चार गोष्टी

मासे पाळणे जायज आहे का, असे काही वाचक विचारतात. हजरत अबू उमैर (रजि.) लहान असताना त्यांच्याकडे एक पाखरू होते आणि प्रेषित मुहम्मद (स.) त्याची विचारपूस करीत, ही हदीस प्रसिद्ध आहे, तिच्यावरून उलेमांनी जीव पाळण्यास परवानगी सांगितली आहे. अट एवढीच की त्याचे हाल होऊ नयेत. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीच्या शिक्षेची हदीसही आपण जाणतो. काचपेटीतला मासा स्वतः अन्न शोधू शकत नाही, पाणी बदलू शकत नाही. गावाला जाताना त्याची सोय लावणे हे आपल्यावर आहे.

दुसरी गोष्ट, पाण्यातल्या न पकडलेल्या माशाचा सौदा करू नये, त्यात धोका आहे, असे हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्याकडून आलेल्या रिवायतीत आहे. फुकहांनी हे नदी-तळ्यातील, हाती नसलेल्या माशांबद्दल समजावले आहे. काचपेटीतला मासा डोळ्यांसमोर असतो आणि जाळीने लगेच काढून देता येतो, म्हणून त्याची विक्री वेगळी. पण जी अंडी अजून घातलीच नाहीत त्यांतल्या पिल्लांचे पैसे आधी घेणे, हा जन्माला न आलेल्या वस्तूचा सौदा होतो. गर्भातल्या गर्भाच्या विक्रीची मनाई हदीसमध्ये स्पष्ट आहे. दुकानदार आगाऊ रक्कम पुढे करील, मोह होईल. आपल्या मौलानांना विचारल्याशिवाय हात पुढे करू नका.

तिसरी गोष्ट, दोष लपवू नये. धान्याच्या राशीत आतून ओले धान्य दडवणाऱ्याला प्रेषितांनी (स.) बजावले होते. आजारी मासा, वाकड्या पाठीचा मासा, हार्मोन देऊन किंवा रंग टोचून चमकवलेला मासा "अस्सल" म्हणून विकणे हेही ओले धान्यच आहे.

चौथी, जकात. विक्रीसाठी तयार झालेले मासे हा व्यापारी माल आहे. निसाब पूर्ण असेल तर वर्षअखेरीस त्यांची किंमत इतर मालात धरून अडीच टक्के काढावी. पैदाशीची जोडी, पेट्या आणि पंप ही साधने आहेत, त्यांवर जकात नाही, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. खात्रीसाठी आपल्या येथील आलिमांना विचारावे.

शेवटी एक विनंती. उरलेली पिल्ले ओढ्यात, तलावात किंवा मशिदीच्या हौदात दयेपोटी सोडू नका. चिलापी आपल्या जलाशयांत कशी पसरली ते आपण पाहिले आहे. बाहेरची जात सुटली की इथल्या माशांचे आणि त्यांवर पोट असलेल्या कोळी-भोई बांधवांचे नुकसान होते. उरलेले मासे ओळखीच्यांना द्या, शाळेच्या पेटीला द्या, पण पाण्यात सोडू नका.

एक पेटी, एक जोडी, एक वही. तारीख, पाण्याची उष्णता, अंडी कधी, पिल्ले किती, मेली किती, खर्च किती, हे रोज लिहा. वर्षअखेरीस ती वहीच सांगेल की हा धंदा आपल्यासाठी आहे की नाही. नसेल, तर गेलेली रक्कम सोसण्याइतकी लहान असेल. असेल, तर आपल्या हातात एक हुनर आलेले असेल. रिझ्क देणारा अल्लाह आहे. दार ठोठावणे आणि तराजू सरळ धरणे आपले काम. तो आपल्या कष्टात बरकत देवो.